पुलाच्या अलीकडे

मागून येणारी गाडी कुठली, हे त्याला न बघता कळायचं. सव्वीस वर्षं बस चालवलेला माणूस तो. टेम्पो कसा खोकतो, भरलेला ट्रक चढावर कसा कण्हतो, रिकामा डंपर खड्ड्यात आपटला की त्याचा पत्रा कसा बोंबलतो, सगळं कानात पक्कं बसलेलं. ड्रायव्हरच्या सीटवर असताना या विद्येचा फारसा उपयोग कधी झाला नव्हता. सायकलवर बसायला लागल्यापासून मात्र ती त्याच्या मानगुटीवरच बसली. आवाज ओळखता आला की पुढचंही सगळं ओळखता यायचं. त्या गाडीच्या ड्रायव्हरला या घडीला काय दिसतंय, आणि मुख्य म्हणजे काय दिसत नाहीये.

डेपोत त्याला सगळे उस्ताद म्हणत. नवे ड्रायव्हर तयार करायचं काम बारा वर्षं त्याच्याकडेच होतं. मग वयाच्या बावन्नाव्या वर्षी रक्तातली साखर अशी काही वर चढली, की डॉक्टरांनी एका कागदावर सही केली आणि त्याचं स्टिअरिंग सुटलं. डेपोने त्याला कंट्रोलरच्या खिडकीत बसवलं. समोर भिंतीवरचं घड्याळ, शेजारी लॉगशीटचा गठ्ठा. कुठली गाडी किती वाजता सुटली, किती वाजता परतली ते लिहायचं, आणि उशीर झाला असेल तर कारण विचारायचं. दोन महिन्यांत त्याचं पोट टेबलाला टेकलं.

"हालचाल करा काहीतरी," डॉक्टर म्हणाले. "चाला रोज."

"डॉक्टर, मी आयुष्यभर बसून फिरलोय. बसूनच करता येईल असं काही नाही का?"

"मग सायकल चालवा," डॉक्टर म्हणाले. ते गंमत करत होते की नाही, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

सायकल मेव्हण्याने दिली. मेव्हण्याने ती मोठ्या हौसेने घेतली होती. बारीक टायरांची, मेंढ्याच्या शिंगांसारखं वळलेलं हँडल असलेली, एका हाताने उचलावी इतकी हलकी. अकरा दिवस चालवली आणि बाराव्या दिवशी त्याची हौस आणि बूड दोन्ही एकदमच दुखायला लागलं. तेव्हापासून ती भिंतीला टांगलेली होती. हँडलवर वेग दाखवणारं एक छोटं यंत्रही होतं. उस्तादने पहिल्याच दिवशी ते काढून मेव्हण्याच्या हातात ठेवलं.

"साखरेचा आकडा आहे, बीपीचा आकडा आहे. आता तिसरा आकडा नको रे बाबा."

"अहो दाजी, मग कळणार कसं किती वेगाने जाताय ते?"

"मला कळतं," उस्ताद म्हणाला.

आणि त्याला खरंच कळायचं. त्याची युक्ती साधी होती. गावाबाहेरच्या पाण्याच्या टाकीपासून नदीवरच्या जुन्या पुलापर्यंत एकच रस्ता होता, बरोबर अकरा किलोमीटर. तो टाकीपाशी बरोबर सहाच्या ठोक्याला पेडल मारायचा. डेपोची पहिली गाडी टाकीपाशी सहा दहाला यायची आणि पुलावर सहा सत्तावीसला. या वेळा त्याला पाठ होत्या, कारण हीच गाडी त्याने स्वतः नऊ वर्षं चालवली होती. तेव्हा गाडी आपल्याला कुठे गाठते, एवढं बघायचं. तेच आपलं घड्याळ.

पहिल्या आठवड्यात गाडीने त्याला पेट्रोल पंपापाशी गाठलं, म्हणजे साडेचार किलोमीटरवर. मागून तिचा आवाज यायला लागला की त्याचे खांदे कानांपर्यंत चढायचे. हँडल घट्ट पकडून, श्वास कोंडून तो रस्त्याच्या कडेला सरकायचा. आधी हवेचा एक धक्का यायचा, मग ती लांबलचक लाल भिंत शेजारून जाताना सायकल आपोआप तिच्याकडे ओढली जायची, आणि मग शेवटचं चाक जायचं. ते गेलं की जीव भांड्यात पडायचा. इतकी वर्षं आपण ही भिंत लोकांच्या कानाजवळून नेत होतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नव्हता, या विचाराने त्याच्या अंगावर काटा यायचा.

आता ही गाडी एक बाई चालवायची. अंगाने छोटी, म्हणून सीटवर उशी घेऊन बसायची. डेपोने तिचं नावच उशी ठेवलं होतं आणि तिनेही ते हसत घेतलं होतं. उस्तादनेच तिला शिकवलं होतं. बारा वर्षांत त्याच्या हाताखालून गेलेल्यांत सगळ्यात शांत हात तिचा. पंपापाशी ती त्याला भरपूर जागा सोडून पुढे जायची आणि आरशात बघून एकदा हात दाखवायची.

दीड महिन्याने गाडीने त्याला रोपवाटिकेपाशी गाठलं. सात किलोमीटर!

त्या दिवशी तो घरी आला तेव्हा बायको शिलाई मशीनवर बसली होती. ती घरीच लोकांचे कपडे अल्टर करून द्यायची.

"अगं, पोट आत घेऊन दे ही पँट," तो दारातूनच म्हणाला.

"पोट तुम्ही घ्या आत, पँट मी घेते," ती म्हणाली. पण मशीनच्या पायपट्टीवरून पाय काढून तिने त्याच्याकडे नीट बघितलं. घामाने निथळत होता, चेहरा लालबुंद, आणि डोळ्यांत असं काहीतरी, जे तिने लग्नाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांनंतर बघितलं नव्हतं. "काय हो, एवढं काय झालं?"

"वाढतोय," तो म्हणाला. "वेग वाढतोय गं माझा."

त्याला ते सांगता येईना. आधी पाय वेगळे, श्वास वेगळा, सायकल वेगळी, सगळी ओढाताण. आणि मग एखाद्या सकाळी सगळं एकमेकांत बसतं. कालपर्यंत नाकी नऊ आणणारा लहानसा चढ येतो आणि येऊन गेल्याचं कळतही नाही. रस्ता आपल्याखालून आपोआप ओढला जातो. सव्वीस वर्षं त्याने वेग वापरला होता, पण तो इंजिनाचा. हा त्याचा स्वतःचा होता, मांड्यांतून आलेला, या वयात, एवढ्या साखरेसकट.

"आणि भीती?" बायकोने विचारलं. "ती कमी झाली का?"

"होईल," तो म्हणाला.

ती पुन्हा मशीनकडे वळली. "तुम्ही निघालात की मी लगेच इथे येऊन बसते. पाय हलत राहिला की डोकं गप्प राहतं. तेवढंच सांगून ठेवते."

भीती कमी झाली नाही. उलट तिला आता एक ठिकाण मिळालं. रोपवाटिकेनंतर साडेआठ किलोमीटरवर वीटभट्टी, आणि वीटभट्टीनंतर थेट पूल. एका सकाळी गाडीने त्याला वीटभट्टीच्या पुढे गाठलं, आणि लाल भिंत निघून गेल्यावर त्याच्या डोक्यात तो हिशोब पहिल्यांदा लख्ख उभा राहिला. आपण जसजसे जोरात जाऊ तसतशी गाडी आपल्याला आणखी पुढे गाठणार. म्हणजे एक दिवस ती आपल्याला पुलावर गाठणार.

पूल दोनशे मीटर लांब होता, जुन्या काळातला. बाजूला पायवाट नाही. दोन्हीकडे गुडघ्याएवढा दगडी कठडा, आणि खाली बरंच खाली पाणी. एक बस आणि समोरून एक ट्रक आला की दोघांचे आरसे एकमेकांना नमस्कार करत. त्या दोघांत सायकलला जागा नव्हती. शिवाय पूल पूर्वेकडे तोंड करून होता. सव्वासहानंतर सूर्य सरळ काचेत यायचा, आणि दहा-बारा सेकंद ड्रायव्हर निव्वळ सवयीवर गाडी हाकायचा. हे त्याला माहीत होतं, कारण त्याने स्वतः तसं केलं होतं.

एकदा तर त्याहून वाईट केलं होतं. बऱ्याच वर्षांपूर्वी, याच पुलावर, पुढे एक म्हातारा सायकलवर गवताचा भारा घेऊन चालला होता. त्या दिवशी सूर्य ढगात होता. म्हातारा त्याला चांगला दिसला होता, अगदी त्याच्या पाठीवरचं ठिगळसुद्धा. पण गाडीला तीन मिनिटं उशीर झाला होता. त्याने हॉर्न दाबला, दाबूनच ठेवला. म्हातारा गडबडला, सायकल कठड्यावर आपटली आणि त्याच्या खांद्याचं हाड मोडलं. गाडीचा स्पर्शही झाला नव्हता, त्यामुळे चौकशीत उस्ताद निर्दोष सुटला. घरी बायकोला त्याने सांगितलं होतं, की म्हातारा दिसलाच नाही.

शहाण्या माणसाने काय केलं असतं? दहा मिनिटं आधी निघाला असता. किंवा पुलाच्या अलीकडे थांबून गाडी जाऊ दिली असती. उस्तादने हे सगळं मनाशी बोलून बघितलं. पण आधी निघालं तर गाडी कुठे गाठते हे कळणार कसं? आणि थांबलं तर मग एवढं कमावलेलं सगळं तिथेच सोडायचं? तो शाळकरी पोरासारखा हट्टाला पेटला. त्याने ठरवलं, आणखी जोर लावायचा. गाडी येण्याआधी पूल पार करायचा. एकदा त्या वेगाला पोचलो की भीतीचं कारणच संपलं.

पुढचे तीन आठवडे तो जीव मुठीत धरून जगला. रात्री अंथरुणात पाय आपोआप फिरायचे. वीटभट्टीची चिमणी दिसली की तोंडाला कोरड पडायची. मागे वळून बघायचं नाही असा त्याने कानाला खडा लावला होता, कारण मान वळवली की वेग पडतो. तो फक्त ऐकायचा. आणि मग एका सकाळी त्याच्या लक्षात आलं, गाडीचा आवाज लांब राहतोय. मागे कुठेतरी बारीक घरघर आहे, पण ती जवळ येत नाही. तो पुलावर चढला, कठड्याचे दगड शेजारून भराभर गेले, पूल संपला, आणि पलीकडे बऱ्याच अंतरावर गेल्यावर गाडीने त्याला गाठलं.

तो त्या दिवशी एकटाच रस्त्यावर मोठ्याने ओरडला. सहा सत्तावीसच्या आत पूल! दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. भीती होतीच, पण आता तिच्या पोटातून आनंद असा उसळून यायचा, की दोन्ही वेगळे करता येत नव्हते.

इकडे खिडकीत मात्र एक नवीच कटकट सुरू झाली होती. उशीची गाडी रोज तीन मिनिटं उशिरा परतायला लागली.

"काय गं, काय झालं आज?" तो विचारायचा.

"ट्रॅफिक होतं, उस्ताद."

"सकाळी सव्वासहाला? त्या रस्त्यावर? कोण, बगळ्यांचं?"

ती लॉगशीट सरकवायची आणि जायची. त्याला तिचा राग यायचा. एवढा चांगला हात, आणि ही ढिलाई. एकदा त्याने तिला सगळ्यांसमोर सुनावलं, "टाकी ते पूल सतरा मिनिटं. नऊ वर्षं मी काढलीत, एका मिनिटाचा फरक नाही. तुला कसली वीस लागतात?"

"हो उस्ताद," ती म्हणाली.

नियमाप्रमाणे पंधरा दिवसांच्या उशिराचा अहवाल मॅनेजरकडे जायचा. त्याने तो लिहिला आणि पाठवला. मॅनेजरने उशीला मेमो दिला आणि दुपारच्या पाळीवर टाकलं. सकाळची पहिली गाडी दाढीवाल्याकडे गेली. दाढीवाला चांगला ड्रायव्हर होता, जोरकस, वेळेचा पक्का. फक्त त्याची सगळी नोकरी दुपारच्या आणि संध्याकाळच्या गाड्यांवर गेली होती.

ड्यूटीच्या तक्त्यात ते नाव उस्तादनेच स्वतःच्या अक्षरात लिहिलं.

दुसऱ्या सकाळी हवा स्वच्छ होती. टाकीपाशी सहाला निघाला. पाय छान फिरत होते. पंप गेला, रोपवाटिका गेली, वीटभट्टीवर धूर सरळ वर चढत होता, म्हणजे समोरून वारा नव्हता. मागे घरघर ऐकू आली. रोजच्यासारखी लांबच असेल, असं त्याला वाटलं. पुलाच्या तोंडाशी पोचला तेव्हा सूर्य नुकताच पलीकडच्या झाडांच्या वर आला होता आणि सगळा पूल पितळेसारखा चकाकत होता.

पुलावर चढून तो पन्नासेक मीटर गेला असेल, तेव्हा त्याच्या कानांनी त्याला सांगितलं.

घरघर लांब नव्हती. ती जवळ होती आणि वाढत होती. गाडी वरच्या गिअरमध्ये होती, पाय अॅक्सिलरेटरवर होता, आणि पूल आला तरी इंजिनाचा सूर खाली आला नव्हता. सूर खाली आला नाही याचा अर्थ एकच. त्याला मी दिसलेलो नाही. सूर्य काचेत आहे. तो सवयीवर चाललाय, आणि ही सवयसुद्धा त्याची नाही, कारण त्याने हा पूल सकाळी कधी बघितलेलाच नाही.

आणि त्याच वेळी पुलाच्या दुसऱ्या टोकाकडून एक टँकर आत शिरला.

थांबावं? कठड्याला चिकटावं? कठडा गुडघ्याएवढा. सायकल आडवी टाकून कठड्यावर बसलो तरी गाडीला टँकरसाठी डावीकडेच दाबावं लागणार, आणि डावीकडे मी. ही गणितं त्याने केली असं म्हणता येणार नाही. हातपायांनीच ती केली. तो सीटवरून उठला आणि सगळं अंग पेडलांवर टाकलं.

तो वेग त्याने पुन्हा कधी अनुभवला नाही. त्यात आनंदाचा कणही नव्हता. तोंड उघडं, डोळ्यांत पाणी, मांड्यांत निखारे. पुलाच्या सांध्यांवरच्या लोखंडी पट्ट्या टायरखाली खटाखट जात होत्या आणि प्रत्येक पट्टीवर मागचं चाक घसरतंय असं वाटत होतं. टँकर समोरून मोठा होत होता. टँकरवाल्याला तो दिसला असावा, कारण त्याने हॉर्न दाबला आणि दाबूनच ठेवला. मागचं इंजिन इतकं जवळ आलं, की त्याला ते कानाने नव्हे तर सीटमधून, कण्यातून ऐकू यायला लागलं. आता हवेचा धक्का येईल, त्याला वाटलं. आता. आता.

मग ब्रेक किंचाळले. टायर जळल्याचा वास आला. कठडा संपला, डावीकडे खडी दिसली आणि त्याने हँडल वळवलं. सायकल त्याच्याखालून निघून गेली. तो खडीवर खांद्यावर पडला, दोन कोलांट्या खाल्ल्या आणि एका झुडपात जाऊन थांबला. आरशाचा कोपरा त्याच्या बाहीला लागून गेला होता. बाही कोपरापासून मनगटापर्यंत उसवली होती, आणि आत फक्त खरचटलं होतं.

टँकर निघून गेला. गाडी पुलाबाहेर थोडी तिरकी उभी राहिली. दाढीवाला खाली उतरला. तो पायरीला धरून उभा राहिला.

"उस्ताद? तुम्ही?" त्याचा आवाज फाटला. "मला काही दिसलं नाही हो. काचेत नुसता उजेड होता. टँकरने हॉर्न दिला म्हणून मी..." आणि तो तिथेच रस्त्यावर खाली बसला.

कंडक्टर पाण्याची बाटली घेऊन धावत आला. म्हातारा, बडबड्या माणूस. उस्तादच्या कोपरावर पाणी ओतता ओतता घाबरून बोलतच सुटला.

"मी याला सांगणारच होतो, वीटभट्टीनंतर हळू घे म्हणून. पण आज गाडी डेपोतूनच साडेतीन मिनिटं उशिरा सुटली, त्या गडबडीत आणि तिकिटं फाडण्यात राहून गेलं बघा. बाई रोज घ्यायच्या ना हळू. तुम्ही दिसलात की गाडी मागेच ठेवायच्या, पार तुम्ही पूल ओलांडेपर्यंत. लोक ओरडायचे, अहो बाई, बैलगाडी आहे का ही? बाई म्हणायच्या, उस्ताद पुढे आहेत. बस, एवढंच."

उस्तादने बाटली बाजूला केली.

"किती दिवस?"

"तीन आठवडे झाले असतील की."

तीन आठवडे. म्हणजे गाडीला त्याने मागे टाकलंच नव्हतं. तो ज्या घड्याळावर उड्या मारत होता, ते घड्याळच त्याच्यासाठी हळू चालत होतं. आणि त्या तीन मिनिटांसाठी त्याने तिला सगळ्यांसमोर झाडलं होतं, तिच्याविरुद्ध कागद लिहिला होता, आणि तिला त्या सीटवरून उठवून तिथे दुसऱ्याला बसवलं होतं. पुलावर ही गाडी आपल्या पाठीवर आपणच आणली होती.

दुपारी उशी ड्यूटीवर आली, तेव्हा तो खिडकी सोडून बाहेर उभा होता. कोपराला पट्टी. तिला सगळं कळलं होतं. डेपोत बातमी गाडीआधी पोचते.

"सांगितलं का नाहीस?" त्याने विचारलं.

"काय सांगणार?" ती म्हणाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "उस्ताद, तुम्ही हळू आहात, असं? खिडकीत बसून तुम्ही सगळ्यांना सांगत होतात, आज पूल मारला, आज पूल मारला. मी डेपोत आल्यापासून तुम्हाला इतकं खूश कधी बघितलं नव्हतं. मी कशाला सांगू?"

"मेमो घेतलास."

"घेतला. काय करणार? मला भीती वाटायची हो. रोज. वीटभट्टी दिसली की हाताला घाम. एक दिवस सूर्य काचेत असेल, माझ्या लक्षात यायच्या आत तुम्ही पुढ्यात असाल, आणि मग मी जन्मभर काय करू? तुम्ही एकदाही मागे वळून बघत नव्हतात. एकदा तरी!"

"वळलं की वेग जातो गं," तो म्हणाला. बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच ते इतकं मूर्खासारखं वाटलं, की त्याने मान खाली घातली. तिला हसू आलं आणि त्याबरोबर डोळेही भरले. तिने बाहीने नाक पुसलं.

"मागे पुलावर एक म्हातारा पडला होता," तो म्हणाला. "मला तो दिसला होता. चांगला दिसला होता. तरी मी हॉर्न वाजवत राहिलो. आजपर्यंत कोणाला सांगितलं नाही."

तिने डेपोच्या घड्याळाकडे बघितलं. मग म्हणाली, "माझी गाडी लागली आहे. सुटायला चार मिनिटं आहेत. उशीर झाला तर कंट्रोलर ओरडतो," आणि उशी काखेत मारून निघून गेली.

तो मॅनेजरकडे गेला आणि अहवाल मागे घ्यायचाय म्हणाला.

"कारण?" मॅनेजरने विचारलं.

"गाडी सायकलस्वारामुळे हळू होती. सायकलस्वार मी."

मॅनेजरने चष्मा काढला. "म्हणजे तक्रार करणारा तूच आणि रस्ता अडवणारा पण तूच? हे मी वर कसं लिहून पाठवू?"

"मी लिहितो," उस्ताद म्हणाला. त्याने तिथेच बसून, कोपर दुखत असताना, दीड पान लिहिलं. त्यात पुलावर सूर्य किती वाजता काचेत येतो तेही लिहिलं, आणि त्या गाडीची वेळ पाच मिनिटांनी वाढवावी असं सुचवलं. मेमो रद्द झाला. उशीला सकाळची गाडी परत देऊ केली, तेव्हा तिने विचार करून सांगितलं, की दुपारची पाळीच राहू दे, झोप पूर्ण होते. वेळ मात्र वाढली. पाच नाही, तीन मिनिटं.

घरी त्याने बायकोला सगळं सांगितलं, म्हाताऱ्यासकट. ती मशीनचं चाक हाताने थांबवून ऐकत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, "तो शर्ट काढून द्या इकडे. बाही शिवते." त्या दिवशी ती त्याच्याशी दुसरं काही बोलली नाही.

एकोणीस दिवस सायकल दाराआड उभी राहिली. खिडकीत बसल्या बसल्या बाहेर एखाद्या गाडीचं इंजिन गुरगुरलं, की त्याचं पेन थांबायचं. पण पायांना दुसरंच काहीतरी आठवत होतं. टेबलाखाली ते आपोआप हलायचे. विसाव्या दिवशी रविवार होता. रविवारी पहिली गाडी आठला असायची. त्याने बायकोचं घड्याळ मनगटावर बांधलं, टाकीपाशी गेला, आणि बरोबर सहाला निघाला.

रस्ता रिकामा होता. तरी पंपापाशी त्याचे खांदे चढले, वीटभट्टीपाशी तोंडाला कोरड पडली. या वेळी मात्र त्याने मान वळवून बघितलं. एकदा, दोनदा, तीनदा. मागे कोणी नव्हतं. पुलाच्या तोंडाशी थांबून त्याने घड्याळ बघितलं. तीस मिनिटं वीस सेकंद. सत्तावीस नव्हे. हा त्याचा खरा आकडा होता, कोणी पदरात न टाकलेला. तो बघून त्याला लाज वाटली, आणि थोड्या वेळाने हलकंही वाटलं. पूल त्याने सायकल हातात धरून चालत ओलांडला आणि तसाच परत आला.

मग दर रविवारी. एकोणतीस पन्नास. एकोणतीस दहा. वारा समोरून होता त्या दिवशी पुन्हा तीसच्या वर, तेव्हा तो दिवसभर घरात चिडचिडत फिरला. अठ्ठावीस पंचवीस. पावसाळा आला आणि गेला. रक्ताच्या तपासणीत साखर उतरली होती. डॉक्टरांनी कागद पुन्हा पुन्हा उलटून बघितला.

आणि एका रविवारी पायांत, श्वासात, सायकलीत काही वेगळंच जुळून आलं. त्याला ते रोपवाटिकेपाशीच कळलं. रस्ता खालून वाहायला लागला. भीती नेहमीसारखीच मागे बसली होती. तो वळून बघत होता, ऐकत होता, आणि तरीही जोर वाढवत होता. दोन्ही एकदम करता येतं, हे त्याला इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कळलं. पुलाच्या अलीकडे, पहिल्या दगडापाशी, त्याने ब्रेक दाबला आणि घड्याळ डोळ्यांसमोर धरलं. घामाने काटे दिसेनात. त्याने बाहीने डोळे पुसले.

सव्वीस मिनिटं चाळीस.

तो कठड्याच्या पहिल्या दगडावर बसला. खाली पाणी होतं, बरंच खाली. खिशातून फोन काढून त्याने बायकोला लावला. तिकडून मशीनचा आवाज ऐकू आला, मग तो थांबला.

"काय झालं?" तिने एकदम विचारलं. "कुठे आहात? पडलात का?"

"नाही गं," तो म्हणाला. "सव्वीस चाळीस."

तिचा श्वास त्याला ऐकू येत होता.

"पूल ओलांडलात?"

"नाही. अलीकडेच बसलोय."

"बरं," ती म्हणाली. "आता या घरी. हळू या."

"बघतो," तो म्हणाला. त्याने मागच्या रस्त्याकडे नीट, शेवटच्या वळणापर्यंत नजर टाकली, आणि सायकलवर टांग टाकली.